रात्रीच्या ओलितासाठी रिव्हॉल्वर घ्यावं का? वाघ, अस्वल आणि डुकराच्या पट्ट्यातून एक उत्तर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडच्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं आहे: "आमचं चार एकर वावर झुडपी जंगलाला लागून आहे. हिवाळ्यात हरभरा, मग उन्हाळी धान. विजेची लाइन रात्रीची, म्हणून बाबा ओलिताला रात्रीच जातात. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाघाचे पंजे दोनदा दिसले. डुकरं रोजचीच, आणि टेकडीकडे अस्वल आहे. मामाकडे .३२ चं रिव्हॉल्वर आहे. बाबांसाठी तसंच रिव्हॉल्वर घ्यावं की पिस्तूल? कोणतं चांगलं?"

भाऊ, मी वनखात्यात एकतीस वर्षं काढली. वनरक्षक म्हणून लागलो आणि वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालो. शेवटची बारा-तेरा वर्षं माणसावर हल्ला झाला की पहिल्या गाडीत बसून जाणाऱ्यांतला मी एक होतो. माझ्याकडे स्वतःची परवान्याची दुनळी बाराबोर आहे, रिव्हॉल्वरही चालवलं आहे. त्यामुळे हे उत्तर बंदुकीचा तिटकारा असलेल्या माणसाचं नाही.

बाबांसाठी रिव्हॉल्वर घेऊ नका, पिस्तूलही नको. शस्त्र घ्यायचंच असेल तर दुनळी बाराबोर घ्या, आणि तीही ओलीत करणाऱ्याच्या हातात न देता त्याच्या सोबत्याच्या हातात द्या. का ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्यासारखा विचार करणारे मला दर महिन्याला भेटतात आणि बहुतेकांनी कंबरेला लावायचं शस्त्र मनात आधीच पक्कं केलेलं असतं.

आधी हल्ला कसा होतो ते बघू. आपल्या डोळ्यांसमोर चित्र असतं की वाघ समोर उभा आहे, गुरगुरतो आहे आणि आपल्याला शस्त्र काढायला वेळ आहे. मी ज्या जागांचे पंचनामे केले त्यांत असं फार क्वचित दिसलं. वाघ मागून किंवा बाजूनं येतो आणि मानेवर येतो. माणूस वाकलेला किंवा बसलेला असतो: मोहफुलं वेचणारी बाई, तेंदूची पानं खुडणारा, पाटाचं पाणी फिरवायला वाकलेला शेतकरी. वाकलेला माणूस त्याला माणसासारखा दिसतच नाही. जागेवर पंजे मोजत मागे गेलं की कळतं, दबा धरून बसल्याची जागा पंधरा-वीस पावलांवर असते. हे अंतर कापायला त्याला दोन सेकंदही लागत नाहीत.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी आम्ही एकदा शाळेच्या मैदानावर खेळच मांडला होता. गावातल्या दोन परवानाधारकांना लाकडी नकली रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये घालून उभं केलं, वर शाल, डाव्या हातात टॉर्च, जसे ते थंडीत वावरात जातात तसे. गावचा कबड्डीचा एक पोरगा पंधरा पावलांवर मागे उभा केला. तो पळत येऊन पाठीला हात लावणार आणि यांनी आवाज ऐकताच वळून नकली रिव्हॉल्वर त्याच्यावर रोखायचं. दहा वेळा केलं. सात वेळा पोराचा हात पाठीला लागला तेव्हा रिव्हॉल्वर शालीच्या आतच होतं. दोन वेळा बाहेर आलं, पण तोंड जमिनीकडे. एकदाच बरोबर रोखलं गेलं, आणि तेही त्या खेपेला तो परवानाधारक आधीच तयारीत उभा होता म्हणून. पोरगा वाघाच्या निम्म्या वेगानंही धावत नव्हता, आणि ते भर दुपारी, सपाट मैदानावर चाललं होतं.

अस्वलाचं वेगळं आहे. त्याला नीट दिसत नाही, ऐकूही कमी येतं, नाक मात्र तेज. वारा उलटा असला की आपण अगदी जवळ जाईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि मग ते दचकून अंगावर येतं. माझ्याच सोबत घडलेलं सांगतो. मोहाचा हंगाम होता, पहाटेची गस्त. माझ्यापुढे एक सहकारी चालला होता, त्याच्या कंबरेला परवान्याचं रिव्हॉल्वर. रायमुनियाच्या (घाणेरीच्या) जाळीतून अस्वल निघालं ते आठ पावलांवर. मला फक्त काळं काहीतरी उठताना दिसलं आणि पुढच्या क्षणी तो खाली होता. त्याचे दोन्ही हात चेहऱ्यावर होते, तिथेच असायला हवे होते, कारण अस्वल चेहरा आणि टाळूच फोडतं. मी ओरडत, काठी झाडावर आपटत पुढे गेलो तेव्हा ते सुटलं. सगळं मिळून दहा सेकंद झाले असतील. दवाखान्यात नर्सनं त्याचा पट्टा काढून माझ्या हातात दिला. होल्स्टरचं बटण बंद होतं. टाळूला टाके पडले, एक डोळा कसाबसा वाचला. त्या बटणावर वाळलेलं रक्त होतं आणि ते उघडलेलंच नव्हतं, एवढं माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही.

आता ताकदीचं बघू. आपल्याकडे सामान्य माणसाला परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्वर म्हणजे बहुतेक करून .३२ चं. ९ मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे त्या मापाचं शस्त्र साध्या परवान्यावर मिळत नाही, त्याचा नाद सोडा. २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीनं 'निर्भीक' आणलं, अर्ध्या किलोचं, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. तेही .३२ च. हे शस्त्र माणसापासून बचावासाठी केलेलं आहे आणि त्या कामाला ठीक आहे. त्याची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास, ऊर्जा दीडशे ते एकशेऐंशी जूल. बाराबोरच्या एकगोळी काडतुसात अडीच-तीन हजार जूल असतात. फरक पंधरा पटींच्याही वर आहे. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कवच असतं, नर एकमेकांशी सुळ्यांनी लढतात तेव्हा तेच त्यांना वाचवतं. त्यावर .३२ ची गोळी मारली तर डुक्कर मरत नाही, चवताळतं.

मूल तालुक्याच्या बाजूला एका परवानाधारकानं तुरीत शिरलेल्या डुकरावर .३२ च्या दोन गोळ्या झाडल्या. डुक्कर पळालं, त्याला वाटलं काम झालं. सकाळी तूर कापायला गेलेल्या बाईच्या मांडीत त्याच डुकरानं सुळा घातला. ते जखमी होऊन सऱ्यांत बसून होतं. बाई वाचली, पण चालताना आजही पाय ओढते. त्या माणसावर गुन्हा दाखल झाला आणि परवानाही गेला.

तुम्ही म्हणाल, परदेशात तर लोक अस्वलासाठी पिस्तूल बाळगतात. बाळगतात, अलास्कात. पण तिथे .४४ मॅग्नम किंवा १० मिलिमीटर चालतं. .४४ मॅग्नमची ऊर्जा बाराशे-तेराशे जूल, म्हणजे आपल्या .३२ च्या सात-आठ पट. शिवाय तिथलं अस्वल पुष्कळदा मोकळ्यावर, लांबून दिसतं. तिथल्या अभ्यासकांनी १८८३ ते २००९ या काळातल्या शस्त्र आणि अस्वलाच्या २६९ घटना तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. हातातल्या छोट्या शस्त्रानं ८४ टक्के वेळा अस्वल थांबलं, लांब बंदुकीनं ७६ टक्के वेळा. एवढंच वाचून लोक खूश होतात. त्याच अभ्यासात पुढे आहे की जवळ शस्त्र असून ते वापरणारे आणि न वापरणारे, यांच्या दुखापतीत फरक दिसला नाही. मी हे वाचलं तेव्हा मला ते बंद बटण आठवलं.

आपल्याच देशात वाघासाठी पिस्तूल केलं गेलं होतं, हौदा पिस्तूल. इंग्रजांच्या काळात हत्तीवर बसून शिकार करणारे ते जवळ ठेवत, वाघ हत्तीवर चढलाच तर अगदी अंगाला लावून मारायला. दोन नळ्यांचं, अर्ध्या इंचाहून मोठ्या बोअरचं, वजनदार. म्हणजे ज्यांना वाघावर पिस्तूल वापरायचं होतं त्यांनी केवढं धूड बनवलं होतं ते बघा. आणि तेही हत्तीच्या पाठीवर, दोन-चार रायफली सोबत असताना.

तरीही कोणी .३२ घेणारच असेल, तर पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्वर बरं, एवढं मी सांगेन. एखादं काडतूस फुटलं नाही तर परत चाप ओढला की पुढचं येतं. पिस्तूल जनावराच्या अंगाला दाबलं गेलं तर त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे सरकून ते झडतच नाही, रिव्हॉल्वरला तो दोष नाही. पण त्याचा चाप जड आणि लांब असतो, थंडीनं आखडलेल्या बोटांनी निशाणा हमखास खाली जातो. महिन्याला चाळीस-पन्नास काडतुसं झाडून सराव झाला तरच ते हातात बसतं. आपल्याकडे जवळपास रेंज नाही, काडतूस महाग, वर्षाला मिळणारी काडतुसं मोजकी. मामांना विचारा, शेवटचं कधी झाडलं होतं.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती कुठल्या जूलमध्ये मोजता येत नाही. शस्त्र कंबरेला आलं की माणूस एकटा जायला लागतो.

नागभीडकडच्या एका गावात तीन शेजारी वर्षानुवर्षं मिळून ओलिताला जात. तिघांची वावरं लागून. एकजण पाणी फिरवी, दुसरा टॉर्च धरी, तिसरा शेकोटीपाशी बसून बोलत राही. मग एकाला परवाना मिळाला. दुसऱ्या हिवाळ्यापासून तो म्हणू लागला, आता कशाला कोणाला उठवायचं. तो एकटा जाऊ लागला म्हणून बाकी दोघंही आपापल्या वेळेला एकटे जाऊ लागले. त्याला काही झालं नाही. झालं ते तिसऱ्याला, ज्याच्याकडे शस्त्रच नव्हतं. पांदणीवर डुकरानं उडवला आणि पहाटे दूधवाला जाईपर्यंत तो तिथेच पडून होता. त्याच्या बायकोनं मला विचारलं होतं, "साहेब, सोबत कोणी असतं तर?" मी काय सांगणार होतो? माणूस वेळेत दवाखान्यात पोहोचला असता, एवढं मला माहीत होतं.

सोबत असण्याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. समजा वाघानं किंवा अस्वलानं बाबांना खाली पाडलं आणि तुम्ही दहा पावलांवर आहात. तुमच्या हातात रिव्हॉल्वर आहे, अंधार आहे, टॉर्चचा उजेड हलतो आहे, आणि जनावर बाबांच्या अंगावर आहे. तुम्ही गोळी झाडाल? कुठे? मी खात्यात राहून, सराव असूनही अशा वेळी झाडली नसती. काठी, आरडाओरडा, डबा बडवणं, तोंडावर प्रखर टॉर्च, यांनी मी जनावर सुटताना पाहिलं आहे. गोळीनं सुटताना पाहिलेलं नाही. लोक म्हणतात, निदान हवेत झाडली तरी आवाज होईल. आवाजच हवा असेल तर सुतळी बॉम्ब आहे, त्याला परवाना लागत नाही आणि तो कोणाच्या छातीत जात नाही.

आता दुनळीकडे येऊ. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ वाचलं तर दिसतं की कायद्यानंच ही वाट वेगळी ठेवली आहे. पीक राखण्यासाठी भरमार (नळीच्या तोंडातून बार भरायची) बंदूक, किंवा संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, यासाठी नागरिकानं अर्ज केला तर वेगळं खास कारण पटवून द्यावं लागत नाही. भरमारीनं भागणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर पिकासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही तो देऊ शकतो. रिव्हॉल्वरसाठी मात्र तुम्हाला चांगलं कारण पटवून द्यावं लागतं, आणि "वावरात वाघ येतो" हे कारण आमच्या पट्ट्यात दर दुसऱ्या अर्जात असतं. शिवाय सुरक्षित वापराच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, पोलिसांचा अहवाल लागतो, बंदूक घरात कुलूपबंद ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं, ही मर्यादा आली.

तुमच्या भागात आणखी एक अट लागू होते, आणि ती माहीत नसल्यामुळे अर्ज वर्ष-वर्ष पडून राहतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आधीच्या संमतीशिवाय देता येत नाही. तुमच्या एका अंगाला ताडोबा-अंधारी, दुसऱ्या अंगाला २०१८ मध्ये जाहीर झालेलं घोडाझरी. तुमचं गाव या दहा किलोमीटरांत येतं का ते आधी नकाशावर बघा आणि अर्जासोबतच लिहा. हेच बंधन दुनळीलाही आहे, फक्त रिव्हॉल्वरला नाही.

दुनळी मिळाली तर ती कशी वापरायची? ओलीत करणाऱ्याच्या खांद्यावर नाही. त्याचे दोन्ही हात चिखलात असतात, बंदूक धुऱ्याला टेकवून ठेवली जाते आणि नळीत माती जाते. नळी चोंदलेली बंदूक झाडली तर ती फुटून आपलाच हात जातो. बंदूक सोबत्याकडे, तो उभा, पाठ झाडाला किंवा मोटारीच्या खोलीच्या भिंतीला, आणि काम एकच, बघत राहायचं. चालताना बंदूक मोडून, म्हणजे उघडी आणि रिकामी. जागेवर पोहोचल्यावरच भरायची. दोन्ही नळ्यांत मोठा छर्रा, एलजी. बारीक छर्रा मुळीच नको, तो वाघाला किंवा अस्वलाला जखमी करून सोडतो, आणि जखमी जनावर पुढची दोन वर्षं तुमच्याच गावच्या वाट्याला येतं. बंदूक वावरापर्यंतच न्यायची. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेणं गुन्हा आहे, मग मनात शिकार असो वा नसो.

आणि झाडायचं कधी? जीव जाईल अशी वेळ आली असेल तेव्हाच. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ मध्ये स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूनं जनावर मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. पण त्याच कलमात पुढे आहे की त्या वेळी तुम्हीच कायदा मोडत होतात, उदाहरणार्थ परवानगी नसताना बंदूक घेऊन अभयारण्यात शिरला होता, तर हे संरक्षण तुम्हाला नाही. मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता असते. त्याला हात लावायचा नाही, नख, दात, केस, काहीही नाही. १९२६ या वनखात्याच्या मोफत क्रमांकावर फोन करायचा आणि तिथेच थांबायचं. मी पाहिलंय, खरा बचाव केलेला माणूस घाबरून पळून जातो आणि मग त्याची गोष्ट कोणी ऐकत नाही. पीक खाणाऱ्या डुकरावर किंवा रोह्यावर (नीलगाईवर) झाडणं हा जीव वाचवणं नाही, ती शिकार धरली जाते. त्यासाठी वनखात्याकडे रीतसर अर्ज करून परवानगी घ्यावी लागते.

गावठी कट्टा, कुंपणात सोडलेली लाइन, पिठात भरलेला गावठी बॉम्ब, यांच्याबद्दल एवढंच: करू नका. विनापरवाना शस्त्राला आता किमान दोन वर्षं कैद आहे. आणि लाइनच्या तारेला चिकटलेला शेजाऱ्याचा पोरगा मी माझ्या हातांनी काढला आहे.

आता बाबांसाठी मी स्वतः काय केलं असतं ते. .३२ चं रिव्हॉल्वर, काडतुसं, परवान्याचे हेलपाटे, सगळं धरून खर्च लाखाच्या वर जातो. तेवढ्यात वावराभोवती सौरकुंपण होतं, त्यात बॅटरीवरचा झटका थांबून-थांबून येतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही आणि माणूसही मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्याला अनुदान आहे, वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात विचारा. डुकरं बाहेर राहिली की वाघही कमी येतो, कारण तो तुमच्या हरभऱ्यासाठी येत नाही, हरभरा खायला आलेल्या डुकरासाठी येतो. कुंपणाला लागून चार-पाच मीटरचा पट्टा साफ ठेवा, रायमुनिया आणि गवत मुळासकट काढा. वाघाला दबा धरायला आडोसा लागतो. तो आडोसाच गेला की पंधरा पावलांचं अंतर चाळीस पावलांचं होतं, आणि त्या चाळीस पावलांत माणसाला उभं राहून ओरडायला वेळ मिळतो.

टॉर्च दोन हवेत, एक डोक्याला बांधायचा, एक हातात लांब फेकणारा. डोक्याचा टॉर्च वाकल्यावर फक्त पाण्यावर पडतो, म्हणून दर दोन-चार मिनिटांनी ताठ उभं राहून हातातला टॉर्च चारही बाजूंनी फिरवायचा. डोळे चमकले तर ते कोणाचे हे ठरवत बसायचं नाही. काम सोडून, तोंड तिकडेच ठेवून, मागे मागे मोटारीच्या खोलीकडे सरकायचं. पळायचं नाही. घुंगरू बांधलेली काठी ठेवा, बोलत राहा, मोबाइलवर भजन लावा, अस्वलाला तेवढ्यानं आधी कळतं. खोलीला आतून कडी हवी आणि दार बाहेर उघडणारं हवं. आपल्याकडे पुष्कळ खोल्यांना दारच नसतं, नुसतं पोतं लटकवलेलं असतं.

वेळ आलीच तर जनावराप्रमाणे वागणं वेगळं. वाघ किंवा बिबट समोर आला तर अंग मोठं दाखवायचं, ओरडायचं, नजर न हटवता मागे सरकायचं. बिबट्यानं धरलंच तर जे हाताला येईल त्यानं झगडायचं, तो सोडतो. अस्वलानं खाली पाडलं तर पालथं पडायचं, चेहरा जमिनीत, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफून. डुकराला वरून येता येत नाही, म्हणून बंडीवर, खाटेवर, दगडावर, जिथे चार फूट उंची मिळेल तिथे चढायचं. डुकराचा सुळा मांडीत लागतो आणि मांडीतली मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. जखमेवर कापडाचा बोळा कोंबून दोन्ही हातांनी, पूर्ण वजनानं दाबून धरायचं, उघडून बघायचं नाही. रक्त थांबल्यावर किरकोळ ओरखडेसुद्धा साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचे. धनुर्वाताची आणि रेबीजची लस दोन्ही घ्यायच्या. जंगली जनावराच्या चाव्यात रेबीजची लस टाळून चालत नाही, आणि रक्त आलेली जखम असेल तर तिच्यात आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसेल तर थांबू नका, थेट चंद्रपूर गाठा.

मोहाच्या हंगामात आई किंवा घरातलं कोणी फुलं वेचायला जात असेल तर त्यांनाही हे वाचून दाखवा. झाडाखाली जाळी बांधली की फुलं तिच्यात पडतात, पहाटे अंधारात वाकून वेचायला जावं लागत नाही. ऊन वर आल्यावर चार बाया मिळून गेल्या तरी फुलं तेवढीच मिळतात. झाडाखालचा पाला मात्र पेटवू नका, अर्धं जंगल त्यातूनच जळतं.

ओलिताला सोबत कोण, हे मात्र दिवाळीच्या आधी ठरवा. शेजारची दोन-तीन वावरं मिळून पाळी लावा, कोणत्या रात्री कोणाचं पाणी आणि कोणाची राखण. वीज कंपनीकडे दिवसाच्या लाइनसाठी अर्जही एकट्यानं करू नका, फीडरवरच्या सगळ्यांच्या सह्या घेऊन ग्रामपंचायतीच्या ठरावासह द्या, एकाच्या अर्जापेक्षा त्याची दखल लवकर घेतली जाते. गावात प्राथमिक प्रतिसाद दल, म्हणजे जनावर आलं की वनखात्याच्या मदतीला धावणारं गावातल्या पोरांचं पथक, असेल तर त्यातल्या पोरांचे नंबर बाबांच्या मोबाइलमध्ये एका आकड्यावर लावून द्या, म्हणजे अंधारात नाव शोधावं लागणार नाही. आणि धुऱ्यावर पुढच्या वेळी पंजे दिसले तर त्यावर पाय न देता शेजारी काडी ठेवून फोटो काढा आणि वनरक्षकाला पाठवा. मादी आहे की नर, सोबत पिलं आहेत का, हे त्यावरून पुष्कळदा कळतं, आणि पिलांची मादी असेल तर पुढचे तीन-चार आठवडे त्या बाजूच्या बांध्यांना रात्री पाणी देऊच नका. एक पाणी चुकलेला हरभरा कमी भरेल, तेवढं चालेल.